डाव्या सीटवरचा राखणदार

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाहीतर सोडून द्या. मला कोणाला पटवायचं नाहीये. हे एकदा कुठेतरी मोकळं करायचंय, कारण आमच्या घरात या विषयावर आता कोणी तोंड उघडत नाही.

आणि हो... अमावस्या नव्हती. पिंपळ नव्हता. मध्यरात्र तर नव्हतीच.

रविवारची सकाळ होती. मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगखाली कडक ऊन पडलं होतं. दिवाळी नुकतीच संपलेली. वॉचमन पेपर वाचत होता, समोरच्या डेअरीवर लोक दुधासाठी उभे होते.

त्या उजेडात, सगळ्यांच्या देखत, आम्हीच त्याला बोलावलं.

मी रुचिरा. एका सहकारी बँकेत आहे. लग्न झालं तरी माहेरापासून दोन गल्ल्या सोडूनच राहते, त्यामुळे माझं नाक आईच्या घरात असतंच. सौरभ माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून त्याला एकच वेड, गाड्या. नोकरी लागली, पगार वाढला, आणि एक दिवस पठ्ठ्याने अंधेरीच्या एका डीलरकडून सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार उचलली. जर्मन. दोनच दारं, दोनच सीट्स, राखाडी रंग.

जमिनीला इतकी चिकटलेली की गेटातल्या स्पीडब्रेकरवर पोट खरवडल्याशिवाय आत येईना.

आईने तिच्याभोवती एक फेरी मारली. "ह्याच्यात बसाचा कसा? आणि बसलंय तर उठाचा कसा?"

"आई, तू नको टेन्शन घेऊ. तुझ्यासाठी रिक्षा आहे ना," सौरभ म्हणाला.

पप्पा मात्र हसले नाहीत. आमचे पप्पा, दशरथ, मूळचे मालवणच्या पलीकडचे. गिरणीत आयुष्य गेलं, मुंबईत केस पांढरे झाले, पण गाव अंगातून गेला नाही. आमच्याकडे जुनं घर किंवा जुनी जमीन घेतली की आधी त्या जागेच्या जुन्या धन्याला नारळ देतात. गाऱ्हाणं घालतात. म्हणजे त्याला मोठ्याने विनवायचं, की बाबा, आता ही जागा आमची, तू आमची राखण कर. तो मग त्या घराचा राखणदार होतो.

जमिनीसाठी हे सगळेच करतात. गाडीसाठी कोणी केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

"जुनी वस्तू आसा," पप्पा म्हणाले. "जुन्या धन्याक इचारल्याशिवाय हात लावूचो नाय."

त्यांनी गाडीसमोर नारळ धरला. डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा... आज माझ्या झिलान ही गाडी हाडलेली आसा. हिचो जो कोण पयलो धनी आसात, जितो असांदे नायतर मेलेलो, तेणां ह्यो नारळ मानून घेवचो. माझ्या झिलाची राखण करूची. तो खंय जायत थंय तेच्या वांगडा रवाचा, म्हाराजा!"

म्हणजे, माझ्या मुलाची राखण कर, तो जाईल तिथे त्याच्यासोबत राहा. आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!" असं म्हणावंच लागतं. सोबतच्यांनी होकार दिला नाही तर गाऱ्हाणं पोचत नाही.

नारळ फुटला.

आणि...

खट्.

गाडीचं डावीकडचं दार बंद झालं.

ते दार हळद-कुंकू लावायला मीच सताड उघडं ठेवलं होतं. वारा नव्हता. जवळ कोणी नव्हतं.

"उतार असेल ना," सौरभ म्हणाला. आमच्या बिल्डिंगखाली उतार नाही.

त्याच दिवशी टिंग-टिंग सुरू झालं.

नव्या गाड्यांमध्ये बाजूच्या सीटवर कोणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, तर गाडी वाजत राहते. सौरभ एकटाच चक्कर मारायला गेला, तर ती वाजायला लागली. डावी सीट रिकामी. बॅगसुद्धा नव्हती.

टिंग... टिंग... टिंग...

त्याने वैतागून रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाकला. आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी बेल्ट सोडला, पुन्हा टिंग-टिंग.

"सेन्सर गेलाय," तो म्हणाला. त्याला तशीही गाडी मॉडिफाय करायचीच होती. अंधेरीला अर्बन म्हणून त्याचा एक मित्र आहे, त्याचं गॅरेज आहे. अर्बन म्हणजे बोलघेवडा माणूस. गाडी बघून त्याने शिट्टी मारली म्हणे. "सौरभ, हिला आपण अशी झकास करू ना, लोक वळून बघतील!"

मग सुरू झालं. चाकं बदलली. रंगावर काळी फिल्म चढवली. मागे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. आणि दोन्ही सीट्स काढून रेसिंगच्या गाडीत असतात तशा टणक बकेट सीट्स लावल्या. त्यांना सेन्सर नसतोच. अर्बनने डाव्या सीटची वायर काढून टेप मारून ठेवली, गाडीतला तो इशाराच बंद करून टाकला.

सौरभ गाडी घेऊन निघाला. गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत पोचला नसेल...

टिंग.

तो परत आला. अर्बनने सगळं उघडून बघितलं, पुन्हा बंद केलं. मग म्हणाला, "यार, एक सांगू? मी ही सीट पुढे घेऊन फिट केली होती. तू मागे का ढकललीस?"

सौरभने हातही लावला नव्हता.

सीट पार मागे गेली होती. लांब पायांच्या माणसाला लागते तशी.

हे मला सौरभने फोनवर हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी त्या आठवड्यात बँकेत दोनदा चुकीच्या खात्यात एंट्री मारली. जेवताना, कपडे वाळत घालताना, कुठेतरी टिंग ऐकू आल्यासारखं व्हायचं. घरातला मायक्रोवेव्ह वाजला तरी दचकायचे.

मग तो सायलेन्सर.

शनिवारची दुपार होती. मी आईकडे आले होते. सौरभ खाली गाडीत बसला होता, सोसायटीचे सेक्रेटरी राजारामकाका त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे. सौरभने त्यांना मुद्दाम खिजवायला गाडी चालू केली. दिवे लागले. मागचा पाइप थरथरायला लागला. पाइपासमोरचा पाचोळा उडाला.

आवाज... नाही.

काहीच नाही. मागून रिक्षा गेली ती ऐकू आली. कावळा ओरडला तो ऐकू आला. मी बॉनेटवर हात ठेवला. आत इंजिन धडधडत होतं, माझा हात हलत होता.

"अरे वा, सुधारलास," राजारामकाका म्हणाले आणि निघून गेले.

सौरभ माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, ताई म्हणून सांगते. लाड झालेल्या पोराचं हसू होतं ते.

"त्याला गोंगाट आवडत नाही," तो म्हणाला.

"कोणाला?"

"चल, बस. दाखवतो."

मी नको म्हणायला हवं होतं, पण मला बघायचं होतं. मी डाव्या सीटवर बसले. बेल्ट लावला. सीट कोमट होती. ऊन होतं, म्हणून असेल... असं मी स्वतःला सांगितलं.

आम्ही ऐरोलीच्या पुलाकडे निघालो. रस्ता मोकळा झाला तसा त्याने वेग वाढवला. खूप वाढवला. मग त्याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि डोक्यामागे ठेवले.

"सौरभ!"

त्याने डोळे मिटले.

स्टिअरिंग हळूच वळलं. पुढे वळण होतं, तेवढंच वळलं. पुन्हा सरळ झालं. शांतपणे, एखादा शिकवणारा माणूस बाजूला बसून हात लावतो ना, तसं.

तेवढ्यात डावीकडून एक टेम्पो आत घुसला. ब्रेक लागला. कोणी दाबला मला माहीत नाही, सौरभचे डोळे अजून मिटलेलेच होते. आम्ही दोघं पुढे फेकले गेलो.

आणि मी बघितलं...

सौरभचा टी-शर्ट छातीवर आत दबला होता. पंजाएवढा. बोटं वेगवेगळी दिसत होती.

त्याच वेळी माझ्या हनुवटीखालून काहीतरी आडवं गेलं होतं. गार. जड. माणसाच्या हातासारखं.

तो हात माझ्या सीटवरून निघाला होता. मी बसले होते तिथूनच.

मी किंचाळले. सौरभने गाडी बाजूला घेतली आणि हसत माझ्याकडे वळला. "बघितलंस ना? काही होत नाही मला."

"तू डोळे मिटले होतेस रे!"

"मग? तो उघडे ठेवतो ना."

मला त्या भुतापेक्षा माझ्या भावाची जास्त भीती वाटली. एक ना एक दिवस हा मरणार, हे मला तिथे, त्या पुलावर, स्वच्छ दिसलं. मी रिक्षाने घरी आले.

दुसऱ्याच दिवशी मी अंधेरीच्या डीलरला फोन लावला. तो आधी आढेवेढे घेत होता, मग म्हणाला, गाडी गोराईची, मालक वारला, बहिणीने विकली. मी रजा टाकली आणि बोरिवलीहून फेरीबोटीने पलीकडे गेले.

जॅकलिन माझ्याच वयाची निघाली. ओट्यावर बसून मळ्यातला मुळा निवडत होती. मला वाटलं होतं हाकलून देईल. तिने पाणी दिलं, म्हणाली, "बस गो. गाडीत काय खराबी निघाली काय?"

मी विचारलं, "तुमचा भाऊ कसा होता?"

डॅरिल. जहाजावर नोकरी करायचा. उंच, इतका की घराच्या दारातून वाकून यायचा. वर्षानुवर्षं समुद्रावर काढून ती गाडी घेतली होती त्याने. आणि घेऊन चालवायचा कशी, तर बैलगाडीसारखी. हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. गावातल्या अर्ध्या पोरांना त्याने गाडी शिकवलेली. डावीकडे बसून.

"ब्रेक मारला की बाजूच्याच्या छातीवर हात टाकायचा," जॅकलिन म्हणाली. "सवयच होती. आम्ही चिडवायचो, तुझा हात म्हणजे दुसरा बेल्ट."

मी हातातला ग्लास खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. नारळ, गाऱ्हाणं, सगळं.

ती रागावेल असं वाटलं होतं. ती रडायला लागली.

"तो आजारी होता गो. शेवटी खूप हाल झाले. मला म्हणायचा, जॅकी, आता मला नुसतं झोपायचंय. आम्ही चर्चमध्ये मिस्सा केल्या, प्रार्थना केल्या, की त्याला आराम मिळो. आणि तुम्ही त्याला कामाला लावलंत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "तुझ्या पप्पांना सांग. मला शब्द दे."

मी दिला.

पप्पा आधी ऐकेनात. "आपणच हाडलेल्या पावण्याक जा म्हणान सांगूचा कसा?" पण मी पुलावरची गोष्ट सांगितली तेव्हा आई उठून उभी राहिली. ती पहिल्यापासून त्या गाडीला घाबरून होती. "ता माका म्हायत नाय. माझो झील डोळे मिटून गाडी चालयता. आताच्या आता धाडा तेका."

सकाळी, त्याच जागी, पप्पांनी दुसरा नारळ धरला. चूक झाली म्हणाले. तुझी वाट तुला मोकळी आहे म्हणाले. मी आणि आईने होकार दिला.

गाडी बंद होती. चावी माझ्या हातात होती.

टिंग...

एकदाच. मग शांत.

संध्याकाळी सौरभने गाडी चालू केली तर असा आवाज झाला की तळमजल्यावरच्या खिडक्या वाजल्या. राजारामकाका धावत आले आणि तावातावाने भांडले. त्यांचं भांडण ऐकून मला आनंद झाला, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

पप्पांनी सौरभला समोर बसवून सांगितलं. "तेका धाडलंय मी. आता गाडयेत तू एकटोच. डोळे उघडे ठेव."

सौरभ हसला. "पप्पा, तो मला विचारल्याशिवाय कुठे जातोय?"

आई हातापाया पडली. मी चावी लपवली. त्याच्याकडे दुसरी होती.

पुढचं मी लवकर सांगते, कारण ते सांगवत नाही.

भर दुपारी. ऐरोली पुलाच्या अलीकडे. मागून येणाऱ्या एका बाइकवाल्याने पोलिसांना सांगितलं, की गाडीवाल्याचे दोन्ही हात डोक्यामागे होते. वळण आलं. गाडी वळली नाही.

मी गाडी बघितली. उजवी बाजू राहिलीच नव्हती. डावी सीट जशीच्या तशी होती.

आयसीयूमध्ये सौरभ ओळखू येत नव्हता. चेहरा सुजलेला, तोंडात नळी. डॉक्टर म्हणाले, "आमचे प्रयत्न चालू आहेत, पण तयारी ठेवा." पप्पा खाली बाकड्यावर बसून राहिले. आई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली, तसे ते जोरजोरात मान हलवू लागले. "माझ्या तोंडातसून ता आता येवचा नाय, मालन. नाय."

मग आईने माझा हात धरला आणि मला वर नेलं.

भेटायची वेळ होती. खिडकीतून ऊन येत होतं. आई पलंगाच्या पायाशी उभी राहिली. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. तिच्या हातात नारळ नव्हता, आत काहीच न्यायला देत नाहीत. तिने नुसती ओंजळ पुढे धरली.

"बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "तुका शीण दिलंव, माका म्हायत आसा. पण माझो झील माका व्हयो. तू खंय आसशीत थंयसून ये... आणि ह्याच्याकडे रव."

आणि तिने माझ्याकडे बघितलं.

तिथे होकार द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

मला जॅकलिन दिसत होती. ओट्यावर रडणारी. 'त्याला नुसतं झोपायचं होतं.' मी तिला शब्द दिला होता. आणि समोर माझा भाऊ होता. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं होतं.

आईची ओंजळ अजून तशीच पुढे होती.

मी म्हणाले, "व्हय म्हाराजा."

काही झालं नाही.

मग... सौरभच्या छातीवरची चादर हळूच दबली. पंजाएवढी. आणि तशीच राहिली.

आईने डोळे पुसले. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढून पलंगाच्या डावीकडे ठेवलं आणि बाजूला झाले. का ठेवलं, विचारू नका.

सौरभ वाचला. डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं. आता घरी आहे, काठी घेऊन चालतो. गाडी भंगारात गेली. तिचं नाव तो काढत नाही. झोपताना पलंगाची डावी बाजू मोकळी सोडतो, आणि जिना उतरताना कधीकधी काठी न टेकता उतरतो. डोळे मिटून.

मी बघते. आई बघते.

परवा जॅकलिनचा फोन आला. दुसऱ्या नारळाचं मी तिला तेव्हाच कळवलं होतं, पुढचं काही नाही. आवाज खूप मोकळा वाटला.

"रविवारी डॅरिलच्या नावाने मिस्सा आहे," ती म्हणाली. "तू ये, आणि जेवूनच जा. तू शब्द पाळलास म्हणून सुटला तो. तुझे उपकार आहेत गो."

आतल्या खोलीत सौरभ कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. खोलीत तो एकटाच होता. मी दार लोटून घेतलं.

"येशील ना?"

"येते," मी म्हणाले.

आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"जा तू," ती म्हणाली. "पण सौरभाक वांगडा नेव नको. राखणदाराक आपला घर दिसला, तर तो थंयच ऱ्हवात."

उद्या रविवार आहे. मी एकटीच जाणार आहे.